पाठमोरा ढग आणि ढोली

ऐका ना, मध्ये बोलू नका, माझी लिंक तुटते. मी मामाकडे राहते हे तुम्हाला माहितीये. ऑफिस जवळ आहे आणि जेवण आयतं मिळतं. आणि ऑफिसात मी काय करते, तर सूर्य बघते. दुर्बीण लावून गच्चीत बसत नाही हां! आमचं एक यान आहे वर, लांब, पृथ्वी आणि सूर्याच्या मध्ये. ते दिवसरात्र सूर्याकडे टक लावून बसलेलं असतं आणि त्याने पाठवलेले फोटो आम्ही खाली खोलीत पडदे ओढून बघतो. हो, पडदे ओढून. सूर्य बघणाऱ्यांना ऊन चालत नाही, स्क्रीनवर चमकतं.

तर यानावर दोन कॅमेरे आहेत. एक सूर्याचं तोंड बघतो. डाग, पुटकुळ्या, भडके, सगळं. दुसऱ्याच्या पुढे एक गोल चकती आहे, ती सूर्याला बरोबर झाकते, म्हणजे सूर्याच्या आजूबाजूचं अंधुक अंधुक जे काय असतं ते दिसतं. ते कशाला बघायचं? कारण सूर्य नुसता भडकत नाही, कधीकधी ढेकर देतो. अख्खा ढग बाहेर फेकतो. तो आपल्या दिशेने आला तर दोन-तीन दिवसांनी येऊन आपटतो आणि पृथ्वीचं चुंबक गदागदा हलतं. चुंबकीय वादळ. मग रेडिओ खरखरतात, विमानवाले रस्ते बदलतात आणि कबुतरं वाट चुकतात. हे शेवटचं खरं की खोटं यावर आमच्या शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत, पण मामाच्या मते तो विषय कधीच संपलाय.

कारण मामाची कबुतरं आहेत. शर्यतीची. गच्चीवर हा एवढा मोठा खुराडा, त्याला तो 'बंगला' म्हणतो. आणि शेजारच्या गच्चीवर दातांच्या डॉक्टरांचा बंगला. डॉक्टर क्लबचे अध्यक्ष, आणि दर वर्षीची ट्रॉफी त्यांच्याच दवाखान्यात. पेशंट खुर्चीत आ वासून पडला की समोर ट्रॉफ्याच दिसतात. मामाच्या घरी एकही नाही.

आणि मामी! मामी लग्नाआधी टेबल टेनिस खेळायची. साधंसुधं नाही, लोक तिची सर्व्हिस बघायला यायचे. तिला गच्चीवर टेबल टाकायचंय, पण गच्चीवर बंगला. तर यंदा तिने शांतपणे जाहीर केलं.

"अहो, ऐकताय ना? या शर्यतीत तुमचं पाखरू पहिलं आलं तर बंगला राहील, आणि मी पुन्हा एक अक्षर काढणार नाही. नाही आलं तर सोमवारी बंगला खाली आणि माझं टेबल वर."

मामा म्हणाला, "कबूल!" मोठ्या तोंडाने म्हणाला, कारण यंदा त्याच्याकडे सुसाट होता. सुसाट म्हणजे नर, करडा, डोळे लाल, उडाला की दिसतच नाही. मामा त्याला स्वतःच्या ताटातले शेंगदाणे द्यायचा, सोलून.

बरं, आता शर्यतीच्या आधीचा शुक्रवार. मी ड्युटीवर. आणि त्याच दिवशी आमचा तोंड बघणारा कॅमेरा भाजायला ठेवलेला. हसू नका, खरंच तसंच म्हणतात. वर भयंकर थंडी, कॅमेऱ्याच्या आत बारीक थर साचतो, चित्र मळकट होतं. मग त्याला आतून हीटर लावून तापवायचा की थर उडून जातो. तोवर तो आंधळा. म्हणजे माझ्याकडे उरला फक्त चकतीवाला, आणि दुसऱ्या एका उपग्रहाकडून येणारी एक रेघ. सूर्यावर भडका उडाला की ती रेघ टुणकन वर उडी मारते. भडका कुठे झाला ते सांगत नाही, आपल्याकडच्या अंगाला झाला एवढंच.

मी चहा घेऊन बसले आणि रेघेने उडी मारली! आणि थोड्या वेळाने चकतीवाल्याच्या फोटोत, अगं बाई, चकतीच्या चारी बाजूंनी गोल धूसर कडं! पुढच्या फोटोत मोठं. त्याच्या पुढच्यात आणखी मोठं. असं कडं कधी दिसतं, तर ढग थेट आपल्या रोखाने निघालेला असतो तेव्हा.

किंवा थेट उलट्या रोखाने. हे मला माहीत होतं हो! सूर्याच्या पाठीमागून ढग पलीकडे गेला तरी असंच कडं दिसतं. फुगा फुगतोय एवढं कळतं, आपल्याकडे तोंड करून फुगतोय की पाठ करून, ते कळत नाही. ते कळायला तोंड बघणारा कॅमेरा लागतो. तो तर भाजत होता.

पण रेघेने उडी मारली होती ना! मी म्हटलं, भडका आपल्या बाजूचा, पाठोपाठ ढग, म्हणजे दोघं एकाच घरचे. जुळवलं आणि लग्न लावून टाकलं.

आमचे साहेब आहेत, त्यांना आम्ही जर-तर सर म्हणतो. त्यांना विचारलं, सर, पाऊस पडतोय का, तर म्हणतील, "ढगांची संख्या पाहता आणि इतर गोष्टी तशाच राहिल्या तर नाकारता येत नाही." मी त्यांना कडं दाखवलं, रेघ दाखवली. ते चष्मा वर करून, खाली करून बघत राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "येतंय!"

"सर, जर-तर?"

"जर नाही, तर नाही. काढ बुलेटिन!"

काढलं. रविवारी सकाळी जोरदार वादळाची दाट शक्यता. खाली माझं नाव. माझं पहिलं बुलेटिन! मी घरी चालत नाही आले, तरंगत आले.

दारातच मामा. फोन हातात, बुलेटिन उघडलेलं.

"भाचीबाई, हे तू लिहिलंस?"

"हो!"

"रविवारी सकाळी? शर्यतीच्याच वेळेला?"

माझी ट्यूब तेव्हा पेटली. म्हटलं, अरे देवा, सुसाट!

"मामा, मग शर्यत पुढे ढकलायला सांग ना क्लबला."

"चूप! हळू बोल!" मामाने मला ओढत गच्चीवर नेलं, इकडेतिकडे बघितलं आणि कानाशी आला. "ढकलायची कशाला? विचार कर. वादळ आलं की सगळ्यांची हिरो मंडळी चुंबकाच्या भरवशावर उडणार आणि भलतीकडे जाणार. डॉक्टरांचं इंजेक्शन कुठल्या तरी समुद्रात जाऊन पडणार." इंजेक्शन म्हणजे डॉक्टरांचं चॅम्पियन कबूतर, दातांच्या डॉक्टरांकडून तुम्ही दुसऱ्या कुठल्या नावाची अपेक्षा करता? "मग जिंकणार कोण? ज्याला चुंबकाची गरजच नाही तो!"

"म्हणजे कोण?"

मामाने बोट दाखवलं. कोपऱ्यात ढोली बसली होती.

ढोली म्हणजे काय सांगू. कबूतर कमी, उशी जास्त. मामाच्या सगळ्या पाखरांत सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात खादाड. पण एक गंमत आहे, ती कधीच हरवत नाही, कारण ती रस्त्यावरून येते. म्हणजे रस्त्याच्या वरून, पण अगदी रस्ता धरून! मोठ्या रस्त्याने यायचं, चौकात वळायचं, पेट्रोल पंपाला डावीकडे, मग आमची गल्ली. सरळ उडून आली तर निम्म्या वेळात येईल, पण नाही. तिला बहुतेक नियम मोडायला आवडत नाहीत.

"मामा, प्रत्येकाला एकच पाखरू पाठवता येतं, आणि तू सुसाटला घरी ठेवून हिला पाठवणार?"

"तू मला एकच सांग. वादळ येतंय की नाही?"

आता इथे मी काय म्हणायला हवं होतं? 'दाट शक्यता' म्हणायला हवं होतं. पण नवीन नवीन बुलेटिन, मान ताठ, आणि मामा माझ्याकडे असा बघतोय जसा आयुष्यात कधी बघितला नव्हता. मी म्हटलं, "मामा, शंभर टक्के."

झालं. शनिवारी सकाळी क्लबचा ट्रक आला, सगळ्यांनी आपापल्या टोपल्या आणून दिल्या, झाकलेल्या, आणि ट्रक गेला लांबच्या गावाला, तिथून रविवारी सकाळी पाखरं सोडायची होती. ढोली टोपलीत झोपूनच गेली.

आणि मी ऑफिसला पोचले तर जर-तर सर खुर्चीत नव्हते, खुर्चीच्या मागे उभे होते, खुर्ची ढालीसारखी धरून.

"कॅमेरा भाजून झाला," ते म्हणाले.

"मग?"

"बघ."

मी बघितलं. सूर्याचं तोंड असं स्वच्छ, जणू आत्ताच आंघोळ करून आलाय. आपल्या बाजूला एका कडेला एक चिमुकला भडका होऊन गेलेला, ज्यातून ढग सोडा, धूरही निघाला नसता. ढग निघाला होता सूर्याच्या मागच्या अंगाने. पाठमोरा. मी लग्न लावलं ते एका इथल्या मुलीचं आणि एका पलीकडच्या मुलाचं, ज्यांनी एकमेकांना कधी बघितलंच नव्हतं!

"सर, म्हणजे वादळ..."

"जर यापुढे काही झालं नाही, तर," सर म्हणाले, बिचारे परत मूळ पदावर आले होते, "रविवार हा या वर्षातला सर्वात शांत दिवस असेल."

मी दुरुस्तीचं बुलेटिन काढलं आणि पळत सुटले. पळत! गच्चीवर मामा सुसाटला शेंगदाणे सोलून देत होता.

"मामा, ट्रक परत बोलावता येईल का?"

"ट्रक कधीच पोचला असेल. का गं?"

"ढग गेला."

"कुठे गेला?"

"पलीकडे."

"पलीकडे म्हणजे? डॉक्टरांकडे?"

"नाही रे, सूर्याच्या पलीकडे! वादळ नाही येत!"

मामाच्या हातातला शेंगदाणा तसाच राहिला. सुसाटने तो खाल्ला, बोटासकट. मामा ओरडलासुद्धा नाही.

"पण तू शंभर टक्के म्हणालीस."

मागे बघते तर जिन्यात मामी. तिने सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी मला जेवताना तिने इतक्या प्रेमाने वाढलं की घास उतरेना. मामाने तर पोळीचे तुकडे करून ताटातच मांडून ठेवले, जसे काय पाखरांना टाकणार.

रविवार. ऊन, निळं आकाश, वारा नाही. ऑफिसचा आलेख सपाट, चुंबक ढिम्म. सकाळी पाखरं सोडल्याचा फोन आला. मामा गच्चीवर खुर्ची टाकून बसला, फाशीला जाणाऱ्यासारखा, दाढी करून. मी शेजारी. पलीकडच्या गच्चीवर डॉक्टर. चांगली पाखरं ऊन चढायच्या आत येतात. ऊन चढलं. आकाशात एक पाखरू नाही.

"का गं," मामा पुटपुटला, "तुझं वादळ आलं की काय?"

मी फोन बघितला. "नाही रे. एकदम सपाट."

"मग गेली कुठे सगळी?"

तेवढ्यात शेजारून गुटर्रगूं आवाज आला आणि मामा ताडकन उभा राहिला.

"डॉक्टर! तुमचं इंजेक्शन घरात कसं काय?"

डॉक्टर दचकले. खुराड्यासमोर आडवे उभे राहिले, पण मागून इंजेक्शनची मान दिसत होतीच. मग त्यांनीही मान लांब केली.

"आणि तुमचा सुसाट? त्याचे लाल डोळे मला इथून दिसतायत!"

मग डॉक्टर हळूच म्हणाले, "बुलेटिन आलं होतं ना."

आणि मग उलगडा झाला! गेल्या वर्षी मामाने भाचीचं कौतुक म्हणून अख्ख्या क्लबला आमच्या बुलेटिनचं सदस्य करून टाकलं होतं. प्रत्येकाने वाचलं. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच हुशार. आणि प्रत्येकाने आपला हिरो घरी लपवून झाकल्या टोपलीतून घरातलं सगळ्यात टाकाऊ पाखरू पाठवून दिलं!

"डॉक्टर, तुम्ही कोणाला पाठवलंत?"

डॉक्टर खाली बघून म्हणाले, "कवळीला."

कवळी! ती तर समोरच्या झाडावरून घरी यायलाही अख्खा दिवस लावते!

मामाच्या तोंडावर असा रंग चढायला लागला, काय सांगू. क्लबच्या ग्रुपवर बातम्या सुरू झाल्या. एक पाखरू सोडल्या जागीच, चहाच्या टपरीवर, उतरायला तयार नाही. दोन बसस्टॉपवर पाव खातायत. एक तर चुकून भलत्याच कळपात गेलंय आणि तिथे रमलंय. आणि मग ट्रकचा ड्रायव्हर, जो रिकामा ट्रक घेऊन परत येत होता, त्याचा मेसेज: माझ्या पुढे एक जाडी मादी उडतेय, मोठ्या रस्त्याने, तिला ओव्हरटेक करू का?

"नको!" मामा फोनवर ओरडला. "तिच्या मागेच राहा! हॉर्न वाजवू नकोस!"

दुपार झाली. मामी वर आली, हातात लोखंडी मेजरिंग टेप, सोडली की आपोआप गुंडाळते ती. गुणगुणत. "तुमचं चालू द्या, मी फक्त माप घेते. सोमवारी धावपळ नको." खुराड्याच्या या टोकाला टेपचं तोंड अडकवलं, त्या टोकाला गेली. मामाने डोळे मिटून घेतले.

आणि तेव्हा आल्या. दोघी एकदम! डॉक्टरांची कवळी आकाशातून वाकडीतिकडी, गिरक्या घेत, आणि आमची ढोली गल्लीतून, घरांच्या मधून, कोपऱ्यावर व्यवस्थित वळून. कवळी डॉक्टरांच्या पाण्याच्या टाकीवर बसली. ढोली आमच्या खुराड्याच्या छपरावर बसली. आणि दोघी बसूनच राहिल्या!

आता नियम असा, की पाखरू खुराड्याच्या दारातून आत गेलं, पायातल्या कड्यामुळे दारातलं यंत्र टिंग वाजलं, तरच ते पोचलं. छपरावर बसलं तर नाही पोचलं. आणि हात लावायचा नाही, काठी लावायची नाही.

"ये गं माझी राणी," मामा दाण्यांचा डबा वाजवत. "ये, ये, ये. आत खाऊ आहे."

"कवळे! कवळे, इकडे बघ!" डॉक्टर त्यांचा डबा वाजवत.

"ढोले, तुला मी सोलून देईन शेंगदाणे! रोज!"

ढोली पंख पसरून ऊन खात बसली. कवळी टाकीवर एक पाय दुमडून झोपायच्या तयारीत. मग अचानक कवळी उठली, टाकीवरून उडी मारली, डॉक्टरांच्या खुराड्याच्या फळीवर आली. दारात! मान आत घातली! डॉक्टरांचा श्वास बंद. मामाचा बंद. माझाही.

आणि मामीचं माप घेऊन झालं, तिने टेप सोडली.

सट्टाक्! ती लोखंडी टेप अशी सळसळत खुराड्यावरून मागे आली की ढोली हवेत उडाली, किंचाळली, कबूतर किंचाळतं हे मला तेव्हा कळलं, आणि जीव मुठीत धरून समोर दिसेल त्या भोकात घुसली.

टिंग!

मग पलीकडे टिंग. पण नंतर!

मामाने मला उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. पण डॉक्टर कठड्यापाशी आले होते, लालबुंद.

"थांबा थांबा! हे चालणार नाही! पाखराला हाकललंय! हे नियमाबाहेर आहे. निकाल रद्द!"

"कोणी हाकललं? मी तर इथे उभा!" मामा.

"तुम्ही नाही. वहिनींनी!" डॉक्टर मामीकडे वळले, आणि आवाज एकदम मऊ केला. "वहिनी, तुम्ही खेळाडू माणूस. तुम्हीच सांगा. तुम्ही तिला मुद्दाम उडवलंत ना? फक्त हो म्हणा. मग ट्रॉफी माझी, आणि गच्ची..." त्यांनी गच्चीकडे हात फिरवला. "गच्ची तुमची."

मामाचं तोंड उघडं ते उघडंच. अख्खा बंगला मामीच्या एका 'हो'वर लटकलेला! मामीने गच्ची बघितली. हातातली टेप बघितली. मला वाटतं तिला तिथे टेबल दिसत होतं, जाळीसकट. मग तिने टेप कमरेला खोचली.

"डॉक्टर, मी माप घेत होते. मुद्दाम काही केलं नाही. हात लागला नाही, काठी लागली नाही. पाखरू आत गेलं." तिने सुस्कारा सोडला. "पॉइंट म्हणजे पॉइंट."

आणि जिना उतरून गेली!

मामा तिच्या मागे पळाला. "अगं, अगं, ऐक ना, तू मागशील ते! अगं, तुझं टेबल मी..."

"आणा की," मामी खालून म्हणाली. "गच्चीवर नाही म्हणाले मी. बंगला तुमचा, शब्द म्हणजे शब्द. पण घरात खोल्या आहेत ना. आणि हे सगळं ज्या हुशार बाईच्या शंभर टक्क्यांमुळे झालं, तिची खोली चांगली लांब आहे."

तर म्हणून! आता हसा. टेबल आलंय, खोलीत दुसरं काही मावत नाही, माझी गादी त्याच्याखाली. सकाळी साडी खोचून मामी सर्व्हिसची प्रॅक्टिस करते आणि मामा हरतो, रोज, आणि चेंडू माझ्या पांघरुणात येतो. ते जाऊ दे. मी विचारायला आले होते की तुमच्यापैकी कोणाकडे एखादी जास्तीची गादी आहे का? थोडे दिवस. शंभर टक्के थोडेच दिवस.